भाताच्या गिरणीतून आलेली साधना



आपल्या विहारात रविवारची वंदना झाल्यावर ध्यानाचा विषय निघाला की तीन आक्षेप हमखास ऐकू येतात. तरुण मुले म्हणतात, "ध्यान म्हणजे लढ्यातून पळवाट. डोळे मिटून बसायला बाबासाहेबांनी सांगितलं नाही." संसारी माणसे म्हणतात, "ते भन्तेजींचं काम, आपल्याला मुलाबाळांचं बघायचंय." आणि आमच्या वयाची माणसे म्हणतात, "पन्नाशी उलटली, आता काय नवीन शिकणार?"

आम्ही गिरणी कामगार. शाळा लवकर सुटली, बाकीचे शिक्षण वाचनालयात आणि चळवळीत झाले. विद्वत्तेचा दावा आम्ही करत नाही. पण ही साधना आपल्यापर्यंत कुणाच्या हातांनी आली हे शोधत गेलो, तेव्हा जी माणसे भेटली ती पाहून आम्हांला फार आनंद झाला. एक गिरणीतला मोजणीदार, एक सरकारी कारकून, एक विधवा आई. यातले कुणी राजवाड्यातले नव्हते, आणि बहुतेकांनी ऐन संसारात, वय वाढल्यावरच ही वाट धरली. त्यांचा हा इतिहास आपल्या घरांतून माहीत असावा म्हणून हा लेख.

बाबासाहेबांनी दाखवलेली वाट

सिद्धार्थ गौतमाने घर सोडले ते वयाच्या २९ व्या वर्षी आणि सम्यक संबोधी मिळाली ती ३५ व्या वर्षी. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून त्याने गृहत्याग केला, ही जुनी कथा बाबासाहेबांनी मान्य केली नाही. २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे कसे पटावे? त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे ठेवला. शाक्य आणि कोलिय पाण्यावरून लढायला उठले, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून घर सोडले.

हे नीट ध्यानात घ्या. बाबासाहेबांच्या मांडणीत बुद्धाचा शोध सुरू होतो तो पाण्याच्या भांडणापासून. चवदार तळ्यावर ज्यांच्या बापजाद्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांना पाण्याचे भांडण काय असते हे वेगळे सांगायला नको. माणसा-माणसांत, वर्गा-वर्गांत कलह का होतो, हे शोधत सिद्धार्थ निघाला आणि शोधता शोधता मनापर्यंत पोचला. मन शुद्ध झाल्याशिवाय समाज शुद्ध होत नाही, आणि समाज बदलल्याशिवाय दुःख संपत नाही. या दोन्ही गोष्टी त्या ग्रंथात एकमेकींना धरून आहेत.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाने चालण्याची प्रतिज्ञा आहे. त्या मार्गाची शेवटची दोन अंगे म्हणजे सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी. आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. मधे दिवस मिळाले फक्त ५३. एवढ्या लाखो लोकांना तेवढ्यात शिकवणार कोण आणि कधी? आपल्या आईवडिलांनी त्रिशरण-पंचशील धरले, देव्हारे रिकामे केले, पोरांना शाळेत घातले. ते काम डोंगराएवढे होते आणि त्यांनी ते पोटाला चिमटा काढून केले. अष्टांगिक मार्ग त्यांना तोंडपाठ होता. पण शेवटच्या दोन अंगांचा रोजचा सराव कसा करायचा, हे जवळ बसून दाखवणारे माणूस वस्तीत नव्हते.

तो सराव जिवंत होता शेजारच्या देशात, ब्रह्मदेशात. बाबासाहेबांना तो देश नवा नव्हता. डिसेंबर १९५४ मध्ये ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते आणि तिथून आलेली बुद्धमूर्ती त्यांनी २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडच्या विहारात बसवली. आपल्यापैकी पुष्कळजण त्या मूर्तीपुढे नतमस्तक होऊन आले आहेत. ज्या शहरातून ती मूर्ती आली, त्याच शहराच्या परिसरात या लेखातली माणसे राहत होती.

राजा रत्नागिरीला, धम्म लोकांकडे

रत्नागिरीचा थिबा राजवाडा आपण सहलीत पाहतो. तो ज्याच्यासाठी बांधला तो थिबा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतले आणि राजाला आपल्या कोकणात आणून ठेवले. तो १९१६ साली इथेच वारला. आपण राजवाडा बघतो, फोटो काढतो आणि परत येतो. पण राजा गेल्यावर तिकडच्या धम्माचे काय झाले, हे कुणी विचारत नाही.

ब्रह्मदेशात संघाला आधार राजाचा असे. राजा गेला तेव्हा धम्म राखायचा कुणी, असा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी १८४६ साली जन्मलेले एक विद्वान भिक्खू पुढे आले, लेडी सयाडो. (हा इंग्रजी 'लेडी' नव्हे. ते ज्या अरण्यविहारात राहत त्याचे नाव लेडी, आणि सयाडो म्हणजे पूज्य आचार्य.) त्यांनी ओळखले की आता धम्म सामान्य लोकांनीच सांभाळायचा. म्हणून त्यांनी पंडितांच्या पालीऐवजी लोकांच्या साध्या बर्मी भाषेत पुस्तिका लिहिल्या, गावोगाव फिरून प्रवचने दिली, उपासक-उपासिकांची अभ्यासमंडळे काढली. भिक्खूंच्या विहारात राहिलेली ध्यानाची रीत त्यांनी गृहस्थांना उघड केली. १९२३ साली ते वारले, पण तोवर दार उघडले होते.

गिरणीतला मोजणीदार

त्या दारातून आत आलेल्या माणसांत एक होते पो थेट. पुढे लोक त्यांना सया तैजी म्हणू लागले. सया म्हणजे गुरुजी. त्यांचा जन्म २७ जून १८७३ चा, रंगूनजवळ नदीपलीकडच्या प्यॉब्वेजी या शेतकरी गावातला. दहाच्या सुमाराचे असताना वडील गेले. आई भजी तळून विकायची आणि उरलेली भजी पोराला गावात फिरून विकायला पाठवायची. पोरगा इतका लाजरा की ओरडायला तोंड उघडेना, पाटी तशीच परत. मग आईने युक्ती काढली. पाटी भावाच्या डोक्यावर आणि ओरडायला धाकटी बहीण! स्वतःची जमीन नव्हती. दुसऱ्याच्या शेतात कापणीनंतर पडलेल्या लोंब्या वेचायच्या. शिक्षण सहाएक वर्षांचे. पुढे बैलगाडी हाकली, होडीवर काम केले, आणि त्यांची मेहनत बघून गावच्या भात-गिरणीच्या मालकाने त्यांना मोजणीला ठेवले. पगार महिना सहा रुपये.

गिरणीत राहायचे, तिथेच शिजवून खायचे. तांदूळ विकत घ्यायचे. बाकीचे कामगार म्हणाले, "अरे, झाडलोटीचा तांदूळ डुकरा-कोंबड्यांना जातो, त्यातला घे की." त्यांनी नकार दिला. मालकाला न सांगता दाणा घ्यायचा नाही. मालकाला हे कळल्यावर त्यानेच परवानगी दिली. पुढे गाडीवाले, होडीवाले त्यांना आपणहून तांदूळ देऊ लागले, तरी झाडलोटीचा तांदूळ ते गोळा करीतच राहिले आणि गावातल्या गरिबांना वाटीत राहिले. अदिन्नादाना वेरमणी आपण रोज म्हणतो. हा माणूस ते गिरणीत पाळत होता, ध्यानाचा गुरू होण्याच्या कितीतरी आधी.

लग्न झाले, दोन मुले झाली, शेतीव्यापारात बरकत आली. १९०३ साली गावात पटकीची साथ आली. मुलगा गेला. कोवळ्या वयातली मुलगी त्यांच्या हातांत गेली. जवळचे नातलग गेले. तिशीचा, सुस्थितीतला माणूस मोडून पडला. मरणाच्या पलीकडे काही आहे का, हे शोधायला तो घराबाहेर पडला आणि फिरत फिरत लेडी सयाडोंपाशी पोचला. तिथे सात वर्षे राहिला. ही सात वर्षे कुणाच्या जिवावर? त्यांची पत्नी आणि मेहुणी यांच्या. त्या दोघींनी शेती सांभाळली आणि दर सुगीला पैसे पाठवले. इतिहासात गुरूचे नाव राहते, शेत राखणाऱ्या बायांचे राहत नाही. आपल्या उपासिकांनी तरी ते लक्षात ठेवावे.

परत आल्यावर, वयाच्या चाळिशीत, त्यांनी गावातच शिकवायला सुरुवात केली. १९१५ साली लेडी सयाडोंनी त्यांना निदान सहा हजार लोकांना शिकवण्याची जबाबदारी दिली. त्या काळी गृहस्थाने शिकवायचे, तेही भिक्खूंनासुद्धा, ही लहान गोष्ट नव्हती. तीस वर्षे त्यांनी शिकवले. शिकणाऱ्यांत शेतमजूर होते तसे ग्रंथ जाणणारेही होते. १९४५ साली ते वारले.

तोंडचा धागा आणि श्वास

इथे थोडे थांबून आपल्या गिरण्यांविषयी बोलले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, काम मिळत नसे. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याने तोंड लावलेल्या धाग्याचा इतरांना विटाळ! साळखात्यात पगार जास्त, म्हणून तो विटाळ फार सोयीचा होता. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. आमच्या माणसांना त्या खात्यात कामाचा हक्क द्या, नाहीतर एकजुटीची भाषा करू नका, असा त्याचा अर्थ होता.

आनापानसतीचे पहिले पाऊल काय? नाकाच्या दाराशी येणारा-जाणारा श्वास जाणायचा. नुसता जाणायचा. त्याला मंत्र लागत नाही, जानवे लागत नाही, पुरोहित लागत नाही. ज्या माणसाचे तोंड लागले तर धागा बाटतो असे सांगितले गेले, त्याच माणसाचा श्वास त्याचा शिक्षक होतो. श्वासाला जात नाही. हवा सगळ्यांच्या नाकातून एकच फिरते. ध्यानाकडे आम्हांला ओढले ते या साध्या गोष्टीने.

कारकून ते महालेखापाल

सया तैजींचे शिष्य ऊ बा खिन. ६ मार्च १८९९ ला रंगूनच्या कामगार वस्तीत, बेताच्या घरात जन्म. शाळेत पहिले येणारे, पण घरच्या अडचणीमुळे कॉलेज सुटले. आधी वर्तमानपत्राच्या कचेरीत आणि मग महालेखापालांच्या कचेरीत कारकून म्हणून लागले. बायको-मुले, नोकरी, परीक्षा, बढती, असा तुमच्या-आमच्यासारखा संसार.

१९३७ च्या जानेवारीत, वय ३७ असताना, सया तैजींचा एक शिष्य त्यांना भेटला. त्याने आनापान समजावून सांगितले. ऊ बा खिन यांनी करून पाहिले आणि मन एकाग्र होते हे अनुभवाला आले. आठवडा गेला नाही तोच त्यांनी दहा दिवसांची तातडीची रजा काढली आणि ते प्यॉब्वेजीला जाऊन बसले. कारकुनाने साहेबाकडून अशी अचानक रजा काढायची म्हणजे काय, हे नोकरी केलेल्यांना सांगायला नको.

४ जानेवारी १९४८ ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी ऊ बा खिन देशाचे महालेखापाल झाले. १९५० साली त्यांनी कचेरीतल्या लोकांसाठी विपश्यना मंडळ काढले, १९५२ साली रंगूनमध्ये साधनाकेंद्र उभे केले. एका वेळी अनेक खात्यांचा कारभार त्यांच्याकडे असे आणि लाचखाऊ खाती सरळ करण्यासाठी सरकार त्यांनाच पाठवी. संध्याकाळी तोच माणूस केंद्रात शिकवत बसे. 'ध्यान करणारा माणूस कामाला निरुपयोगी होतो' म्हणणाऱ्यांनी हा दाखला बघावा. १९६७ पर्यंत ते सरकारी कामात होते. १९ जानेवारी १९७१ ला वारले.

दीपाची आई

तिसरी गोष्ट एका बाईची. नानीबाला बरुआ, जन्म १९११, चितगावच्या बंगाली बौद्ध बरुआ समाजातला. बाराव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी नवऱ्याकडे रंगूनला. वीस वर्षे मूल नाही आणि त्यावरून बाईला काय काय ऐकावे लागते ते आपल्या आया-बहिणींना ठाऊक आहे. मग एक मुलगी झाली ती तान्हेपणीच गेली. चाळिशीच्या उंबऱ्यावर दीपा झाली, ती जगली. म्हणून त्यांना सगळे दीपा मा म्हणत. नंतर एक मुलगाही जन्मताच गेला. १९५७ साली नवरा वारला. हृदयाचा आजार, रक्तदाब, अंथरूण धरलेले, लहान पोर पदरात. डॉक्टरांनीच ध्यान शिकायला सांगितले.

जन्माने बौद्ध असलेल्या या बाईने शेचाळिशीत पहिल्यांदा ध्यान धरले. पहिल्या खेपेला केंद्रात कुत्रा चावला आणि साधना अर्धी टाकून दवाखान्यात जावे लागले. तरी त्या पुन्हा गेल्या, महासी सयाडोंच्या रंगूनमधल्या केंद्रात. १९६७ साली त्या मुलीला घेऊन कलकत्त्याला आल्या आणि धातू घासण्याच्या दुकानावरच्या लहानशा घरात राहिल्या. तिथे शेजारपाजारच्या बाया शिकायला येत, पुढे अमेरिकेतली मंडळीही आली. घरकामातून वेळ नाही म्हणणाऱ्या बाईला त्या सांगत की पोराला पाजताना पाजण्याकडेच लक्ष ठेव, भांडी घासताना भांड्यांकडे. म्हणजे स्वयंपाकघर हीच साधनेची जागा. १९८९ साली त्या गेल्या.

इगतपुरीपर्यंत

ऊ बा खिन यांच्याकडे १९५५ साली एक तरुण मारवाडी व्यापारी आला, सत्यनारायण गोयंका. जन्म मंडालेचा, १९२४ चा. अर्धशिशीने हैराण, देशोदेशीचे डॉक्टर करून झालेले, वेदना थांबवायला मॉर्फिनची सुई घ्यावी लागे. ऊ बा खिन यांनी त्याला आधी परत पाठवले. डोकेदुखीच्या इलाजासाठी धम्म नाही, दुःखाचे मूळ बघायचे असेल तर ये, असा त्याचा मतलब. तो पुन्हा आला आणि चौदा वर्षे शिकला. जुलै १९६९ मध्ये गोयंका गुरुजींनी मुंबईतल्या एका धर्मशाळेत भारतातले पहिले शिबिर घेतले. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीत शिबिरे सुरू झाली. फी नाही, खर्च आधी शिकून गेलेल्यांच्या दानातून. २०१३ साली गुरुजी गेले.

पुण्यातही १९७८-७९ च्या सुमारास त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने आपल्या वस्त्यांत ध्यानवर्ग सुरू केले आणि लोणावळ्याजवळ भाजे इथे शिबिरे भरवली. तिथे वर डोंगरात लेणी आहेत. लेण्यांतल्या दगडी खोल्या कशासाठी कोरल्या, हे आमच्या लहानपणी मास्तरांनी सांगितले नव्हते. त्या भिक्खूंना राहण्यासाठी आणि बसण्यासाठी होत्या. आपल्याच सह्याद्रीत दोन हजार वर्षांपूर्वी माणसे हा श्वास बघत होती.

पन्नाशीत काय दिसते

आता थोडे आमच्या अनुभवाचे. आम्ही रिंग खात्यात उभे आयुष्य काढले. २०२० च्या टाळेबंदीत गिरणी थांबली आणि नंतर भोंगा वाजलाच नाही. तेव्हा आम्ही पन्नाशीला आलो होतो. वडिलांच्या पिढीने १८ जानेवारी १९८२ चा संप पाहिला होता. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले किती घरी बसले, किती दारूला लागले, हे आम्ही पोरवयात चाळीत पाहिले. म्हणून काम सुटलेल्या माणसाच्या डोक्यात काय चालते याची आम्हांला धास्ती होती.

ध्यानाला बसल्यावर पहिले दिवस मन दोन श्वास ठरत नाही. रिंग फ्रेमवर काम केलेल्यांना हे लवकर कळेल. शेकडो चात्या फिरत असतात, धागा कुठे ना कुठे तुटतच असतो. तुटलेल्या धाग्यावर कुणी चिडत नाही. हात जातो, धागा जोडतो, आपण पुढच्या चातीकडे बघतो. मन सुटले की तेच करायचे.

मग हळूहळू दिसू लागते. पाळीच्या वेळेला पहाटे अंग आपोआप जागे होते, गिरणी नसली तरी. कमिटीच्या बैठकीत कुणी आपला शब्द तोडला की आधी श्वास आखूड होतो, मग छातीत गरम होते आणि नंतर तोंडून शब्द निघतो. लहानपणी शाळेत एकाने जातीवरून दिलेली शिवी चाळीस वर्षांनी पोटात गोळा होऊन बसलेली सापडते. हे सगळे इतकी वर्षे आमच्याच अंगात चालले होते. तथागतांनी काया, वेदना, चित्त आणि धम्म यांची जाणीव ठेवायला सांगितले, त्याचा अर्थ पुस्तकातून कळला होता तो अंगावर कळला. विशीत हे दिसले असते का? सांगता येत नाही. विशीत माणूस धावत असतो. पन्नाशीत आठवणींचा साठा असतो आणि थांबायला थोडी जागा असते, म्हणून हे वय यासाठी वाईट नाही.

एक सांगितले पाहिजे. ध्यानाने आमची देणी मिळाली नाहीत. त्यासाठी अर्ज, मोर्चे, कोर्ट, सगळे करावे लागते आणि आम्ही करतो. फरक एवढाच की मोर्च्याहून घरी आल्यावर तो राग बायका-पोरांच्या वाट्याला जात नाही. आणि ज्याला मनाचा मोठा आजार आहे त्याने आधी डॉक्टरांकडे जावे. ध्यान म्हणजे औषधाची गोळी नव्हे.

ब्रह्मदेशाचा दुसरा धडा

ज्या देशाने ही साधना जपली त्याचे पुढे काय झाले, हेही इतिहास म्हणून सांगितले पाहिजे. २ मार्च १९६२ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली. २०१७ साली लष्कराच्या अत्याचारांमुळे सात लाखांहून जास्त रोहिंग्या माणसे घरेदारे सोडून बांगलादेशात पळाली, आणि चीवर घातलेल्या काही जणांनीही त्या लोकांविरुद्ध द्वेषाची भाषणे केली. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. गावोगाव ध्यान माहीत असलेला देश हा. मग ध्यान कुठे गेले?

आमच्या तरुण मुलांचा आक्षेप इथे खरा ठरतो आणि तो आम्ही मान्य करतो. श्वास बघणारा माणूस शेजाऱ्याला माणूस मानत नसेल तर त्याचे बसणे फुकट. सगळे अनित्य आहे म्हणून अन्याय सोसा, असे कुणी सांगत असेल तर तो बुद्धाचा धम्म नव्हे. अन्यायही अनित्यच आहे, तो बदलता येतो, म्हणूनच तर बाबासाहेब लढले. समाधीला शील आणि करुणा यांची जोड हवी, समतेची हवी. रोहिणीच्या पाण्यापासून सुटलेले ध्यान बाबासाहेबांच्या धम्मात बसत नाही.

पण तरुणांनी दुसरी बाजूही बघावी. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत फुटला. पुढे फुटतच गेला. त्या फुटींत विचारांचे मतभेद किती आणि माणसांचे मीपण किती, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा. बाहेरच्या शत्रूशी लढायला आपण शिकलो. आतला राग, मत्सर, अपमानाची जुनी जखम ओळखायला कुठे शिकलो? ही ओळख नसेल तर चळवळ आपल्याच माणसांना खाते. म्हणून कार्यकर्त्याला ध्यानाची गरज इतरांहून जास्त आहे, असे आमचे मत झाले आहे.

आपल्या विहारात

विहार कमिटीला आमची एक सूचना आहे. रविवारच्या वंदनेनंतर वीस मिनिटे शांत बसावे. आनापान एवढेच, बाकी काही नको. बायांना स्वयंपाकाची घाई असते, म्हणून त्यांच्यासाठी दुपारची वेगळी वेळ ठेवावी आणि त्या वेळात पुरुषांनी पोरे सांभाळावीत. ज्यांना दहा दिवसांचे शिबिर करायचे आहे पण रोजंदारी बुडते, त्यांच्या घरच्या किराण्यासाठी विहाराने थोडा निधी बाजूला काढावा. सया तैजींसाठी दोन बायांनी सात वर्षे शेत राखले, आपल्याला दहा दिवस एक घर राखता येणार नाही का? आणि बसून उठल्यावर दर वेळी वस्तीचा एक प्रश्न घ्यावा, मग तो नळाचा असो, शिष्यवृत्तीचा असो की दारूचा, आणि त्यावर काम वाटून घ्यावे.

सतरंज्या आपल्याकडे आहेत. जागा आहे. शिकवायला सुरुवातीला शिबिर केलेली आपल्यातलीच दोन-चार माणसे आहेत. वय कुणी विचारणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!